जुन्या मडक्यातली वाटी

मी बेणं बोलतंय. शिवी नाही हो, खरंखुरं बेणं! जमिनीत पुरल्यावर ज्याच्या अंगातून नवं आलं फुटतं, ते. आमचं गाव दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगच्या डोंगरउतारावर आहे आणि माझी मालकीण साम-मुई.

गेल्या थंडीत तिने मला ढिगातून उचललं, उलटसुलट निरखलं आणि "हे राहू दे बेण्याला" म्हणत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या वाळूत पुरून ठेवलं. माझे भाऊबंद बाजारात गेले. काही वैद्याच्या दुकानात जाऊन सुंठ झाले. पोटात थंडी बसलेल्या माणसाला आतून ऊब द्यायची, हे आमच्या घराण्याचं पिढीजात काम.

वाळूत दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं आणि वासही येतो. तेव्हा साम-मुईची सून हिउ-लाम पोटुशी होती. आमच्याकडे सुनेचे दिवस भरत आले की सासू काळ्या गोड व्हिनेगरमध्ये जून आलं शिजवून मडक्यात मुरत ठेवते. बाळ झालं की त्यात डुकराचे पाय आणि अंडी पडतात. मग बाळंतिणीला रोज वाटीभर, आणि शेजारीपाजारी घरटी एकेक वाटी. त्यामुळे पोटुशीच्या घरी कोणी आडून आडून चौकशी करत नाही, सरळ विचारतात, "आंबट आलं कधी खायला घालताय?" आणि मडकं गुपचूप चढवू म्हटलं तर तेही जमत नाही. वास चार गल्ल्या ओलांडून जातो.

तसाच तेव्हाही गेला. शेजारच्या क्वानवहिनीने तर वाटी धुऊन तयार ठेवली होती. आणि बाळ मेलेलंच जन्माला आलं.

त्यानंतर घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सुनेच्या नजरेला पडू नये, वासही येऊ नये म्हणून साम-मुईने मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ते सरपणाच्या ढिगामागे सरकवलं.

वसंतात मला शेतात लावलं. मला कोंब फुटले, कोंबांना पोरं झाली. त्यांना पोसता पोसता मी सुरकुतलं, पण तिखटपणा वाढतच गेला. जुनं आलं जास्त झोंबतं अशी आमच्या गावात म्हण आहे. ती माझ्यावरूनच पडली असावी असं मला वाटतं, आता कोणी हसलं तर हसो.

उन्हाळा सरताना साम-मुई बांबूची चीप घेऊन आली. तिने एका बाजूची माती अलगद सारली, मला पोरांपासून मोडून काढलं आणि माती पुन्हा लोटून दिली. याला आमच्याकडे 'आई चोरणं' म्हणतात. पोरं वाढतच राहतात, त्यांना पत्ताही लागत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण टोपलीत ऊन लागलं, सोबतीला माझ्यासारखीच चोरलेली दहा-वीस म्हातारी होती, आणि मी रुळलं.

घरी येऊन बघतंय मी, तर हिउ-लामचं पोट चांगलं पुढे आलेलं! म्हटलं, आता आपण मडक्यात जाणार. पण साम-मुई आम्हाला हात लावीना. टोपली दाराशी पडून राहिली. क्वानवहिनीने कुंपणापलीकडून आंबट आल्याचं विचारलं, तर ही म्हणाली, "यंदा भाव बरा आहे. सगळं विकून टाकणार."

खरं कारण वेगळं होतं, ते तिने फक्त मुलाला, चाक-वाला, सांगितलं होतं. आधीपासून तयारी केली म्हणूनच गेल्या खेपेला घात झाला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आत भाजी चिरणाऱ्या सुनेने मात्र विकण्याचं तेवढंच ऐकलं. तिची सुरी थांबली. सासूने आपली आशाच सोडली, असं ती समजली आणि त्या दिवसापासून मोजकंच बोलू लागली. दोघी एका घरात, आणि मध्ये आमची टोपली.

बाजाराच्या दिवशी चाक-वाने टोपली उचलली. हिउ-लामने ती त्याच्या हातातून काढून घेतली, बुटक्या स्टुलावर बसली आणि पहिलं मलाच उचलून चमच्याच्या कडेने खरवडायला लागली.

"ठेव ते. विकायचंय," साम-मुई म्हणाली.

"मग मी घेते विकत. काय भाव लावलाय?"

चाक-वाने शहाण्यासारखं अंगण गाठलं.

साम-मुई उभीच होती. "मला भीती वाटते गं. मडकं चढवलं आणि तसं झालं. माझ्याच हाताने झालं असं वाटतं."

"मला वाटलं, तुमचा माझ्यावरचा भरवसा उडाला."

"तुझ्यावरचा नाही पोरी. माझ्या हातावरचा."

हिउ-लाम खरवडत राहिली. मग खालमानेनेच म्हणाली, "सरपणामागचं मडकं मला माहीत आहे, आई. गेल्या वर्षीही मी बाळंतीणच होते. माझंही अंग तसंच गार पडलं होतं. तुम्ही सगळे मडकं लपवत राहिलात, मला वाटी कोणी दिली नाही."

साम-मुईने आतून दुसरा चमचा आणला आणि ती सुनेसमोर बसली.

आम्हाला ऊन दाखवलं, कढईत कोरडं भाजलं, सुऱ्याच्या पात्याने चपटं ठेचलं. ठेचताना लागलं, पण अंग मोकळं झालं. मग आम्ही व्हिनेगरमध्ये उतरलो आणि वास निघाला गावभर. क्वानवहिनी कुंपणावरून म्हणाली, "काय गं, भाव पडला वाटतं?" साम-मुई हसली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून चाक-वा खूश होता. सुंठीवाचून कसला? त्या दिवशी चमच्याखाली कोण होतं, ते मला विचारा.

थंडीत मुलगी झाली. चांगली रडकी, तांबडीलाल. बाराव्या दिवशी बाळंतिणीला आंबट आलं द्यायचं ठरलं आणि मी मडक्यात फुगून बसलं, की पहिला मान माझा. पण साम-मुई सरपणामागे गेली. तिने जुनं मडकं काढलं, फडकं सोडलं आणि त्यातलं आलं उकळी येईपर्यंत गरम केलं. काळंभोर, मऊ, माझीच कोणी मावशी-आत्या असेल.

"आधी ही," ती म्हणाली. "तुझी राहिलेली."

हिउ-लामने दोन्ही हातांत वाटी धरली आणि तळापर्यंत संपवली. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. साम-मुईच्याही, आणि तिने तर घासही घेतला नव्हता. आलं फार तिखट आहे, असं दोघी एकमेकींना सांगत राहिल्या. आम्ही तो आळ आनंदाने घेतला.

नंतर माझी पाळी आली. क्वानवहिनीची वाटी भरली, गल्लीतल्या सगळ्यांच्या भरल्या. आता मडक्याच्या तळाशी माझे चारदोन तुकडे उरलेत. शेतात माझी पोरं काढणीला आलीत, त्यातलं एखादं वाळूत जाईलच. मी तृप्त आहे.

जाता जाता एकच सांगणं आहे. घरात बाळाचं रडणं ऐकू येवो किंवा न येवो, बाळंतिणीची वाटी तिला द्या.