अर्धा वजा करा

मित्रांनो, मला काहीही न अडकवता उभे धरून पाहा. माझा लाल दर्शक शून्यावर असायला हवा, पण तो तुम्हाला अर्ध्यावर दिसेल. काहीच नसण्याचे वजनही मी अर्धा न्यूटन सांगतो. मी एक जुना ताणकाटा आहे, आणि हे अर्धे माझ्यात कुठून आले ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने पोलादी तार सळईवर गुंडाळून माझी स्प्रिंग केली आणि ती पितळी पत्र्याच्या चपट्या घरात बसवली. वर धरायला कडी दिली, खाली वस्तू अडकवायला हूक दिला. माझ्या तोंडावर दोन पट्ट्या छापल्या. डावीकडे ग्रॅम, हजारापर्यंत. उजवीकडे न्यूटन, दहापर्यंत. एक किलोच्या वस्तूला पृथ्वी जवळजवळ दहा न्यूटन बलाने स्वतःकडे ओढते, एवढेच त्या दोन पट्ट्यांमधले नाते. दहाच्या खाली एक जाड रेघ होती आणि तिच्या खाली काहीच लिहिलेले नव्हते. डब्यात ठेवण्यापूर्वी कारागिराने मला तीनदा वजन लावले, तीनदा काढले. तिन्ही वेळा मी शून्यावर परत आलो. ताणले जाणे हे माझे निम्मे काम आहे आणि परत येणे हे उरलेले निम्मे.

मी पनवेलच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे दयाराम सर विज्ञान शिकवत. ते जवळच्या ओवे गावचे. वर्गात छापील पुस्तकासारखे बोलत आणि गावाकडचे कोणी भेटायला आले की दारातच त्यांची भाषा बदले. त्यांचा एक नियम होता: आधी हात, मग काटा. वस्तू प्रत्येक मुलाने तळहातावर घ्यायची, वजनाचा अंदाज वहीत लिहायचा आणि मगच ती माझ्या हुकाला लावायची. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. सरांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत एक रकाना इतरांपेक्षा जास्त असे. त्याचे नाव होते ‘चूक व तिचे कारण’. तो रिकामा ठेवलेला सरांना चालत नसे. म्हणत, ज्याच्या वहीत चूकच नाही, त्याने प्रयोग केलेला नाही.

माझा आवडता दिवस घर्षणाचा. त्या दिवशी मला आडवे धरत आणि टेबलावरच्या लाकडी ठोकळ्याला माझा हूक लावत. कोणीतरी मला हळूहळू ओढी. एक न्यूटन, ठोकळा जागचा हलत नसे. दोन, तरीही नाही. तीनला तो एकदम सुटे आणि त्याच क्षणी माझा दर्शक दोनवर उतरे. पुढे ठोकळा एका चालीने सरकत राही, तोवर मी दोनच दाखवी. मिताली नावाच्या मुलीने एकदा विचारले, ठोकळा तोच, टेबल तेच, मग आधी तीन आणि आता दोन कसे?

सर म्हणाले, “बसलेल्याला उठवायला जास्त लागतं. एकदा निघाला की कमी.”

मुले हसली. सरांनी फळ्यावर स्थितिक घर्षण, गतिक घर्षण असे शब्द लिहिले. पण मुलांच्या लक्षात राहिले ते वाक्यच.

अशी काही वर्षे गेली. माझे कौतुक होते. मी कोणाचे कमी सांगितले नाही, कोणाचे जास्त सांगितले नाही.

दर मे महिन्याच्या सुट्टीत सर मला ओव्याच्या घरी नेत, पुसत आणि हुकाच्या बिजागरीला तेलाचा थेंब देत. त्या वर्षी जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि त्यानंतरच्या रविवारी उरणच्या बाजूने ठमाबाई आल्या. खाडीवर मासे धरणारे त्यांचे घर. त्यांची मुलगी प्राची सरांच्या हाताखाली शिकून विज्ञानात चांगल्या गुणांनी पास झाली होती. आमच्या भागात मनापासून आभार मानायचे असले की जिताडा नेऊन देतात. खाडीतला तो सगळ्यात मानाचा मासा. ठमाबाईंनी टोपलीतून तो काढून ओट्यावर ठेवला, तेव्हा त्याची शेपटी ओट्याच्या बाहेर आली.

सर शाळेच्या कामाला पनवेलला गेले होते. घरात त्यांची पत्नी मालू आणि नऊ वर्षांची विनिता एवढ्याच होत्या. भेटीचा मासा तोलायचा नसतो, हे दोघी बायकांना माहीत होते. पण मालूबाई कौतुकाने म्हणून गेल्या की दोन किलोचा तरी असेल, आणि ते ठमाबाईंना लागले.

“दोन किलोचा मासा घेऊन मी मास्तरच्या दारात येईन काय? तीन हाय, तीन. माजा हात हाय तो.”

“हात पन चुकतो कदी कदी,” मालूबाई हसत म्हणाल्या.

“तुजा चुकत असंल. माजा नाय.”

विनिता मधेच उठली. बाबांचा काटा आहे, मी दाखवते, म्हणाली. तिने सरांच्या पिशवीतून मला काढले. आधी हात, मग काटा, हे तिने घरात इतक्यांदा ऐकले होते. हाताचे तर झाले होते. राहिलो होतो मीच. दहाच्या खालची जाड रेघ कशासाठी आहे, हे मात्र तिला अजून कोणी शिकवले नव्हते.

तिने माझा हूक जिताड्याच्या कल्ल्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी मला उचलले. माझा दर्शक एका झटक्यात रेघ ओलांडून तळाला आपटला. मालूबाई पाहायला स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत, त्यांचे पाहून होईपर्यंत आणि मग दोघींचे पुन्हा बोलणे होईपर्यंत विनिताने मला तसेच धरून ठेवले. तिचे हात दुखायला लागले, पण तिने सोडले नाही.

“बग गो मालू,” ठमाबाई म्हणाल्या, “काटा पुरला नाय त्याला. आता तरी मान.”

मालूबाईंनी मानले. जिताडा उतरवला. मी वर यायला निघालो आणि अर्ध्यावर थांबलो. पुढचे अर्धे माझ्याने येववेना.

ते फक्त विनिताला दिसले. तिने मला हलवले, टिचक्या मारल्या, मोरीत नेऊन धुतले आणि फ्रॉकला पुसले. दर्शक अर्ध्यावरच. तिने मला पिशवीत होते तसे ठेवले आणि आईला एवढेच म्हणाली, की काटा काढला होता हे बाबांना सांगू नकोस. मालूबाईंना त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नव्हते. त्यांनी बरे म्हटले. त्या रात्री जिताड्याचे कालवण झाले. सर दोनदा वाढून जेवले. विनिता ताटात पाहत राहिली.

शाळा सुरू झाली. सरांनी मला वर्गात उभे धरले, डोळे बारीक केले आणि मग मला नाकाजवळ नेले. हुकाच्या बिजागरीत नखाएवढे एक चंदेरी खवले अडकलेले होते. त्यांनी ते टाचणीने काढले, खिशात टाकले आणि मुलांना विचारले की हा रिकामाच अर्धा न्यूटन म्हणतो, आता याचे काय करायचे. सगळे म्हणाले, टाकून द्यायचा. सरांनी मला एक न्यूटनचे वजन लावले. मी दीड दाखवले. दोनचे लावले, मी अडीच दाखवले. पाचाला साडेपाच.

सर म्हणाले, “जो दर वेळी सारखाच चुकतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. वजा करायचं तेवढं आपण लक्षात ठेवायचं.”

मुख्याध्यापकांना त्यांनी सांगितले, “काटा माझ्या हातून ताणला गेला.” शाळेला त्यांनी नवा काटा आणून दिला आणि मला स्वतःकडे ठेवले. पुढच्या आठवड्यात एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत एकटे असताना त्यांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर बारीक अक्षरात काही लिहिले. मग त्यावर दुसरी पट्टी चिकटवली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, ‘अर्धा वजा करा’. वर्गाने तीच पट्टी वाचली. खालची माहीत होती फक्त सरांना आणि मला. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त ताणले जाता येते.

पुढे ओव्याच्या शेतांवर खारघरच्या इमारती उठल्या आणि सर खांदा कॉलनीत राहायला आले. निवृत्त झाले. मी त्यांच्या टेबलाच्या खणात गेलो. बटण दाबले की आकडा दाखवणारे काटे घरोघरी आले. मालूबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. सर मात्र कधीतरी मला काढून पुसत आणि पुन्हा ठेवत.

विनिता मोठी झाली. ती न्हावा शेवा बंदरात कंटेनरची वजने तपासण्याच्या कामावर आहे. कंटेनर उचलण्याआधी त्याचे खरे वजन कळलेच पाहिजे यावर तिचा कटाक्ष असतो, असे सर कोणालाही कौतुकाने सांगत. पण ती या घरी आली आणि खण उघडा असला, तर ती माझ्याकडे पाहत नसे. बत्तीस वर्षांत तिने मला एकदाही हातात घेतले नाही. सरांना सांगायचे तिने किती वेळा ठरवले, ते मी खणातून ऐकले आहे. सर निवृत्त झाले त्या संध्याकाळी ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं. सर वाट पाहत थांबले. मग तिने पंख्याला तेल घालायला हवे, असे काहीतरी सांगितले. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशीही तसेच झाले. इतक्या लहान गोष्टीला इतके बल लागावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण जी गोष्ट बत्तीस वर्षे जागची हललेली नाही, तिला हलवायला किती लागते, हे मी ठोकळ्यांवरून ओळखतो.

सर दवाखान्यातून परत आले नाहीत.

वीसेक दिवसांनी विनिता, तिचा धाकटा भाऊ जीवन आणि तिची मुलगी रिया घर आवरायला आले. दुपारची वेळ होती. जीवनने दोन ढीग केले, एक ठेवायचा आणि एक भंगाराचा. खण रियाने उघडला. ती नववीत आहे आणि तिच्या पुस्तकात बलाचा आणि गतीचाच धडा चालू आहे. तिने मला उभे धरले आणि म्हणाली, “मामा, हा बिघडलाय. काही नसताना अर्धा दाखवतोय.”

“टाक तिकडे,” जीवन म्हणाला.

मी जुन्या वायरींच्या ढिगावर पडलो. विनिता कपाटातली पुस्तके बांधत होती. तिने दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग ती उठली आणि तिने मला उचलले. तिच्या हाताची पकड मी लगेच ओळखली. ती अजूनही दोन्ही हातांनीच धरते.

“हा मी बिघडवला,” ती म्हणाली.

पहिले वाक्य फार जड गेले. त्यानंतरची सरकत आली. ठमाबाई, जिताडा, मोरी, फ्रॉक, ताटातले कालवण, सगळे तिने सांगितले. जीवन ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, बत्तीस वर्षं? आणि मी फोडलेल्या थर्मासवरून तू मला परवापर्यंत बोलत होतीस.”

विनिता हसली नाही. ती म्हणाली, “बाबांनी हेडसरांना सांगितलं, माझ्या हातून झालं म्हणून. मला ते नंतर कळलं. त्यांना खरंच तसं वाटलं असेल, रे. आयुष्यभर वाटलं असेल. आता सांगून कोणाला सांगू?”

रियाने आईच्या हातातून मला घेतले आणि पाठ वर केली. जुनी पट्टी वाळून कडेने सुटली होती. तिने ती नखाने उचलली. वरची निघाली, खालची राहिली. ती अक्षरे एकेक करून लावू लागली.

“चूक, अर्धा न्यूटन, जास्त. कारण, जिताडा, अंदाजे तीन किलो.” ती थांबली. “खाली आणखी आहे. वि. सांगेल तेव्हा ऐकावे. तोवर विचारू नये.”

विनिताने हात पुढे केला. रियाने मला तिच्या हातात दिले. विनिताने ते स्वतः वाचले आणि मग वाळलेली पट्टी पुन्हा जागेवर बसवून अंगठ्याने दाबत राहिली. पट्टी चिकटत नव्हती. ती दाबत राहिली. जीवन उठून गॅलरीत गेला.

रियाने विचारले, “पण आई, तीन किलो हे आजोबांना कसं कळलं? काटा तर एक किलोचाच आहे.”

“ठमाबाईंनाच विचारलं असेल,” विनिता म्हणाली. “आणि त्या काय दोन सांगणार होत्या?”

एवढे बोलून तिला हसू आले, आणि हसताना डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

आता मी रियाकडे असतो. काल तिने पुस्तकांचा एक लहान गठ्ठा दोरीने बांधून जमिनीवर ठेवला, मला आडवे लावून ओढले आणि ओरडून सांगितले की आठला सुटला, आता सहा. स्वयंपाकघरातून विनिताचा आवाज आला, “अर्धा वजा कर.”

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. माझ्या तोंडावर जिथे आकडे संपतात, त्याच्या खालचे मला उचलायला लावू नका. कोणाजवळ काही सांगायचे राहिले असेल, तर पहिले ओढणे जड जाईल हे धरून चला आणि ओढा. आणि शून्यावर परत न येणारे कोणी तुमच्या घरात असले, तर त्याला भंगारात टाकू नका. किती वजा करायचे, ते एकदा नीट पाहून ठेवा.