हात काढ

खोक्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. पुठ्ठा कापायच्या प्रेसवर त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. मालक बदलले, यंत्रं बदलली, मामा जिथल्या तिथे. मग कारखाना परदेशी कंपनीनं घेतला. चार देशांची माणसं एका छपराखाली आली आणि भिंतीवर पाटी लागली: यंत्रापाशी फक्त कंपनीची भाषा बोलायची. आपली भाषा तीनदा तोंडून निघाली, की घरी.

नियमात तसं वावगं काही नव्हतं. एकमेकांचं कळायला तर हवंच. मामांनी कंपनीनं वाटलेला वीस शब्दांचा कागद घरी नेला. सून भाजी चिरता चिरता परीक्षा घ्यायची. "मामंजी, 'मागे सरका'ला काय म्हणायचं?" घरी सगळं बरोबर यायचं, कारखान्यात जीभ जड व्हायची. दोन महिन्यांत दोनदा त्यांचं नाव लिहिलं गेलं. त्यातलं एकदा तर पायावर पेटी पडली तेव्हा "आई गं" म्हणाले म्हणून.

त्या मंगळवारी सकाळी प्रेसमध्ये पुठ्ठा अडकला. ताई, मामांच्याच हाताखाली तयार झालेली, वाकून तो ओढत होती. बटणापाशी एक उंचापुरा पोरगा होता, सगळे त्याला उंच्या म्हणत. आठवड्यापूर्वीच दुसऱ्या देशातून आलेला. रचलेल्या गठ्ठ्यांमुळे त्याला ताई दिसत नव्हती. त्याचा हात बटणाकडे गेला.

मामांना दोघंही दिसत होते. "हात काढ" अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं आणि वीस शब्दांत हवा तो शोधू लागले. एकही सापडेना. उंच्यानं बटण दाबलं. मामा धावले, बंद करायची दोरी ओढली. पातं थांबलं, पण तोवर ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी. टेबलापलीकडे मुख्य कचेरीतून आलेली अधिकारी बाई, शेजारी दुभाष्या. उंच्या भिंतीला टेकून बसलेला, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही ओरडलात का?" दुभाष्यानं विचारलं. मग कागद चाळल्यासारखं करत हळूच म्हणाला, "हो म्हणा, मामा. म्हणजे मिटलं."

"मिटलं म्हणजे?"

"इशारा दिला तरी यानं बटण दाबलं, असं लिहितील. तो जाईल, तुम्ही राहाल."

मामांनी उंच्याकडे पाहिलं. त्याला त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण बोलणं आपल्यावरच चाललंय हे कळत होतं. मामांचा मुलगा वर्षभर घरी बसून होता.

"मी ओरडलो नाही," ते म्हणाले. "शब्द शोधत उभा राहिलो."

"हे असंच सांगू?"

"असंच सांग."

बाई बराच वेळ लिहीत राहिली.

उंच्याची नोकरी वाचली. मामांच्या नावापुढे "भाषा अपुरी" असा शेरा पडला आणि त्यांना मागच्या आवारात गठ्ठे मोजायला बसवलं. पाटी तशीच राहिली. वीस शब्दांचे मात्र तीस झाले.

महिन्याभरानं ताई मामांच्या घरी आली. हाताला पट्टी. मामा उठून उभेच राहिले.

"मामा, जिवाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही आपल्या भाषेत ओरडला असता, तरी त्याला कुठं कळणार होतं?"

"त्याला नसतं कळलं." मामांचा आवाज फाटला. "तुला कळलं असतं. तू हात काढला असतास."

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. खोटं बोलून मामांना मोकळं करणं ताईला सहज जमलं असतं.

"हो," ती म्हणाली. "काढला असता."

ती उठून जाईल असं मामांना वाटलं. ती उठली नाही. तिनं मामांच्या सुनेकडे चहा मागितला. डाव्या हातानं कप उचलायची तिला अजून सवय नव्हती. कप कलंडायला लागला तेव्हा मामांनी पुढं होऊन खालून आधार दिला, आणि तिनं तो देऊ दिला.