खुर्चीचा चार्ज

“साहेब, हा माणूस पळणार नाय,” सावळीराम म्हणाला आणि अख्खं शूटिंग थांबलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, आमच्या कंट्रोल रूममध्ये एका हेरपटाचं शूटिंग चाललं होतं. साल एकोणऐंशी, दिवस थंडीचे. मी आणि सावळीराम तिथले ऑपरेटर, आठ वर्षं एकाच खुर्चीवर आलटूनपालटून बसलेले. दिग्दर्शकाला खराखुरा ऑपरेटर हवा होता आणि त्याला सावळीरामचा चेहरा आवडला. माझा नाही आवडला, ते जाऊ द्या. प्रसंग असा, की हेर पिस्तूल घेऊन घुसतो, ऑपरेटर किंचाळत पळतो, हेर लाल खटका ओढतो आणि मुंबई अंधारात बुडते. असला खटका आमच्याकडे नव्हताच, म्हणून त्यांनी लाकडाचा करून पॅनेलला चिकटवला होता.

“अहो, त्याच्या हातात पिस्तूल आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “कोण पळणार नाही?”

“पिस्तूल असू द्या नायतर तोफ. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर ही खुर्ची सुटत नाय. या कोंडाजीला इचारा.”

मी मान डोलावली. खरं तर मी पळालो असतो, पण तेव्हा ते सांगायची सोय नव्हती.

“मग हेराने करायचं काय?”

सावळीराम खुर्चीच्या टोकावर सरकला. “लय सोपं हाय. पिस्तूल आणायचंच नाय. रिलीव्हर म्हणून यायचं, डबा घेऊन. जेवलास का, असं इचारायचं. लॉगबुकात चार्ज घेतल्याची वेळ टाकायची, सही करायची. सही झाली की मी स्वतः उठून त्याला खुर्ची देणार, साहेब. काय धोका हाय ते मलाच कळणार नाय.”

दिग्दर्शकाने कॅमेरावाल्याला बोलावलं, “पुन्हा सांगा, पुन्हा सांगा,” म्हणत सावळीरामकडून सगळं वदवून घेतलं. आमच्या रोजच्या कंटाळवाण्या सहीत एवढं थरारक काही असेल, हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

तसं शूटिंग झालंही. हेराचं पेन, लॉगबुक, उठणारा सावळीराम, सगळं एका दमात. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, “जुनं, पळायचंही घेऊन ठेवू, असावं हाताशी.” सावळीराम काही पळेना. मग शूटिंगवाल्यांपैकी एकाने सावळीरामचा मरून स्वेटर चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून पळाला. स्वेटर त्याच्या बायकोने, वत्सलावहिनींनी विणलेला होता. तो परत मिळाला तेव्हा गळा सैल झाला होता.

पुढची दोन वर्षं सावळीरामने ती सही अख्ख्या कॉलनीला ऐकवली. पिक्चर मात्र सगळीकडे आपटला. नाशिकरोडला तो एका गुरुवारी, एका दिवसापुरता लागला, बाराचा आणि सहाचा, दोनच खेळ. त्या दिवशी मी आठ ते चार, सावळीराम चारपासून पुढे.

“उशीर झाला तर होऊ दे, मी बसतो,” मी त्याला आधीच सांगून ठेवलं.

“बघ, पब्लिक कसं येडं होतंय त्या सहीला,” तो म्हणाला.

चारला चार मिनिटं कमी असताना तो सायकल हाणत, धापा टाकत आला.

“पिक्चर सुटला?”

“रिळांची पेटीच मालेगावहून उशिरा आली. बाराचा खेळ एकला लागला. मध्यांतरानंतर जरा थांबलो, मग उठलो.”

“आणि तुझा सीन?”

“यायचा होता अजून.”

“गाढवा, मी बसलो असतो ना.”

“सकाळी आठपासून बसलाय तू. मी त्या पिक्चरवाल्या साहेबाला काय सांगितलं होतं?” त्याने लॉगबुक ओढलं, तीन छप्पन्न लिहिलं, सही केली. “वत्सलाबी उठली. म्हणली, तुम्ही नसताना मी कुणाला बघू? तू जा, सहाचा गाठ. उद्या समदं सांग.”

मी गाठला. पडद्यावर सावळीराम दिसला, भिंतीएवढा. मी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून म्हणालो, “आमचा माणूस आहे.” तेवढ्यात दार फुटलं. पिस्तूल. खुर्ची उलटली आणि डोक्यावर हात घेऊन मरून स्वेटर दाराकडे पळाला. लोक खदाखदा हसले. लॉगबुक कुठे दिसलंच नाही. मला इतका संताप आला की पडदा फाडावासा वाटला. पण मी जागेवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पिक्चर उतरला होता. सावळीराम पावणेचारलाच हजर झाला, तोच स्वेटर घालून.

“बोल. सही केली त्यानं?”

“केली.”

“वेळ टाकली?”

“टाकली की.”

“किती?”

“तीन छप्पन्न,” मी म्हणालो. तोंडात तीच आली, काल त्यानेच लिहिलेली.

त्याने लॉगबुक पुढे ओढलं आणि कालच्या तीन छप्पन्नवर बोट टेकवलं. मग घड्याळ बघून आजची वेळ लिहिली आणि खाली सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

मी उठून त्याला खुर्ची दिली.