सात नंबरवाल्याचा वेग

"चार पॉइंट तीन!" प्रणवने सोफ्याच्या हातावर थाप मारली. "चाळीस यार्ड चार पॉइंट तीन सेकंदांत. अख्खी अमेरिका मान्य करते. डीमनमधला एकच माणूस करत नाही."

खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या सारंगने मान हलवली, म्हणजे जेवढी हलत होती तेवढी. "साडेचार," तो म्हणाला. शब्द ओला, जड होऊन बाहेर पडला. "मागचे हळू आहेत... म्हणून हा फास्ट दिसतो."

"हो का? मग टीव्हीवर ताशी बावीस मैल दाखवले, ते काय त्यांच्या मावशीने मोजले?"

जयंतीबाई मुलाच्या ओठांच्या कडा रुमालाने टिपत होत्या. नोव्हेंबर असल्याने बाहेर पाचलाच अंधार पडला होता. टीव्हीवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉलचा सामना चालला होता. धिप्पाड पोरं अंगावर धावून येत होती आणि सात नंबरवाला बॉल काखेत मारून त्यांच्यामधून निसटत होता. सारंग आणि प्रणव त्याच कॉलेजात शिकलेले. नोकरीसाठी दोघे नेदरलँड्सला, या डीमन गावात आले, तरी शनिवारची मॅच सुटली नाही आणि तिच्यावरून भांडणंही सुटली नाहीत. या वर्षीचं भांडण सात नंबरवाल्याच्या वेगाचं होतं.

सारंग वादात हार मानणाऱ्यांतला नव्हताच. तिसरीत असताना कॅरमवरून शेजारच्या मुलाशी त्याचं बिनसलं होतं. रात्रीतून ताप चढला, तरी सकाळी पांघरुणासकट जिन्यात जाऊन तो ओरडून आला होता, "कव्हर दिलं होतं मी! क्वीन माझीच!" जयंतीबाईंना तो जिना, ते पांघरूण, सगळं काल घडल्यासारखं दिसे. त्याच पोराचे हात आता मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखे पडलेले असत. स्नायूंचा आजार पायांतून हातांत चढला, हातांतून घशात. आता श्वासाची पाळी होती.

गुरुवारी हाउसआर्ट्स येणार होत्या, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टर. त्या पुण्याहून आल्या आल्या सुनेने, सलोनीने, हे सांगितलं तेव्हा जयंतीबाईंना केवढा आनंद झाला होता! पुण्यात हल्ली डॉक्टर कुणाच्या घरी येतात? इथे येतात, म्हणजे पोराची काळजी घेणारं कुणीतरी आहे. "त्या गोड खातात का गं? रव्याचे लाडू करून ठेवते," त्या म्हणाल्या होत्या.

सलोनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली होती. "आई, त्या तपासायला नाही येत आहेत."

सारंगने मरण स्वतःच मागून घेतलं होतं. इथल्या कायद्यात ते बसतं. दुसऱ्या डॉक्टरनेही येऊन, त्याच्याशी एकट्याशी बोलून खात्री करून घेतली होती. गुदमरून जाण्याआधी, सगळ्यांना ओळखत असताना जायचं, एवढंच त्याचं म्हणणं. जयंतीबाई रडल्या, शपथा घातल्या, अन्न सोडलं. तो फक्त म्हणाला, "आई, जेव."

"बरं, राहिलं," प्रणव आता हात झटकून म्हणाला. "फेब्रुवारीत सोक्षमोक्ष लागेल. मोठ्या टीमवाले सगळ्या पोरांना घड्याळ लावून पळवतात, तेव्हा बघ..."

तो थांबला. टीव्हीतली गर्दी तेवढी ओरडत राहिली.

जयंतीबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. "फेब्रुवारीत नक्की कळतं?"

"हो... काकू."

"मग मी प्रणवच्या बाजूने." त्या खुर्ची ओढून थेट मुलासमोर बसल्या. त्या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "कसा वाऱ्यासारखा सुटलाय तो! आणि हा म्हणे साडेचार. कशावरून रे? नुसतं म्हणून चालत नाही. फेब्रुवारी येऊ दे, इथे बसून बघ आणि पाड मला खोटी."

"आई, नको ना," सलोनी पुढे आली.

"तू थांब. आम्ही मॅचबद्दल बोलतोय." त्या पुन्हा मुलाकडे वळल्या. "निकालाआधीच उठून जायचं? याला आमच्यात रडीचा डाव म्हणतात. असा नव्हतास तू. तापातसुद्धा भांडायला जायचास. आता का घाबरलास?"

सारंग आईकडे बघत राहिला. मग त्याने डोळे टीव्हीकडे वळवले. "परत दाखव."

प्रणवने सात नंबरवाल्याची धाव मागे नेऊन पुन्हा लावली. मैदानावरचे पांढरे पट्टे त्या पोराच्या पायांखालून सरकत गेले. सारंगने धाव शेवटपर्यंत पाहिली.

"प्रणव."

"बोल."

"चार पॉइंट तीन." त्याने श्वास गोळा केला. "जिंकलास." मग नजर आईवर आली. "तू पण."

"ए, नाही हां!" प्रणव ताडकन उठला. "तसं नाही... वारा मागून असेल. तू म्हणतोस तेच असेल रे, साडेचार. साडेचारच! मी उगाच आपलं..." भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.

"विषय क्लोज," सारंग म्हणाला.

जयंतीबाईंना वाटलं, अजून काहीतरी बोलावं, दुसरा कुठला वाद उकरून काढावा. पण मुलाच्या चेहऱ्यावर चिडका भाव नव्हता, थट्टाही नव्हती. जन्मात पहिल्यांदा तो हरला होता, आणि त्यांच्याकडे असा बघत होता की जणू त्यांनीच आता मोठं व्हायला हवं होतं.

खाली रस्त्यावर ट्राम येऊन थांबली आणि निघून गेली.

"सलोनी," त्या म्हणाल्या, "गुरुवारी त्या किती वाजता येणार?"

"दुपारी, आई. दोनला."

"मग सकाळी याला मी न्हाऊ घालीन. ती रोजची नर्स आहे ना, तिला सांग, येऊ नको म्हणावं."

सलोनीने मान डोलावली.

"पाणी..." खिडकीपासून सारंग म्हणाला, "फार कडत नको."