उजवीकडं कललेली गाडी

“मृत्युंजयराव, नुसते पाय दिसायलेत बघा! बाकीचा माणूस हाय न्हवं आत?” शेजारच्या अमृतनं स्कूटर लावता लावता विचारलं.

“हाय की,” गाडीखालून उत्तर आलं. “तुमी त्येवढा बावीसचा पाना सरकवा हिकडं.”

अमृत पाना देऊन हसत जिना चढला. जुळे सोलापुरातल्या त्या पार्किंगला रविवारच्या ठोकाठोकीची सवय झाली होती. पाणीपुरवठा कचेरीतला बावन्न वर्षांचा लिपिक मृत्युंजय वडिलांची जुनी फियाट आपल्या हातानं दुरुस्त करत होता. गंजलेला पत्रा कापून झाला, दारावरचा पोचा आतून ठोकून काढला, पुट्टी घासून घासून बोटांची सालं गेली. एकच दोष उरला. गाडी उजवीकडं कललेली होती.

अप्पा, म्हणजे त्याचे वडील निंगप्पा, अंगानं दांडगे. सदतीस वर्षं लुगड्यांचे गठ्ठे भरून बाजारामागून बाजार त्यांनी या गाडीनं केले. त्यांच्या भारानं मागच्या उजव्या चाकावरचे पाटे, ते पोलादी पट्ट्यांचे थर, दबून गेले होते. मुलाला त्यांनी कधी स्टिअरिंग दिलं नाही. “तू पाने दे,” एवढंच. गेल्या श्रावणात ते गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे समाधी देताना गावी, मैंदर्गीच्या मातीत त्यांना मांडी घालून बसवलं. गाडी मात्र तशीच झुकून राहिली, कुणी आत बसलंय अशी.

अव्वा, त्याची आई, रोज सकाळी उजव्या काचेशी येऊन उभी राही. गुडघा दुखतो, दूधवाला पाणी घालतो, असलं काहीबाही कानडीतून हळू सांगे.

“कुणाशी बोलतीस अव्वा?”

“बसल्यात की तितं. गाडी बघ की कशी झुकलीया.”

तो आधी हसला. पण एकदा सीटखाली हात घालताना त्याच्याच तोंडून निघून गेलं, “अप्पा, जरा सरका.” मग कितीतरी वेळ तो हात त्याला आपला वाटेना.

वर्ष भरायला आठ दिवस उरले. समाधीला अव्वाला याच गाडीतून न्यायचं होतं. दबलेल्या पाट्यांवर चाक पत्र्याला घासे, तसं नेता येत नव्हतं. आणि पाटे बदलले, तर अव्वाचं माणूस जाणार होतं.

गेले दोन रविवार त्यानं नुसतं ग्रीस पुसण्यात काढले होते. आज नट सोडले. भंगार बाजारातून आणलेले पाटे चढवले, जॅक हळूहळू उतरवला. गाडी चारी चाकांवर सरळ उभी राहिली. एकदम परकी.

अव्वा खाली आली. काचेजवळ गेली, थबकली.

“उतरले व्हय रं?”

मृत्युंजयनं हातातला पाना खाली ठेवला. “अव्वा, जुने पाटे ठेवल्यात मी. तू म्हणशील तर आत्ता परत घालतो.”

तिनं पोत्यावर पडलेल्या त्या दमलेल्या पट्ट्यांकडं पाहिलं.

“साकु, यप्पा. पुरे झालं. मातीत बी बसून, गाडीत बी बसून. किती बसवून ठेवायचं त्येनला?”

पदरानं तिनं उजवी सीट झटकली. “बस तू.” आणि वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागी, डावीकडं जाऊन बसली.

मृत्युंजय आत शिरला. पाय क्लचला पुरेनात. सीट वर्षानुवर्षं त्याच खाचेत गंजून बसलेली, तसूभर हलेना. मग तो पुढं सरकून सीटच्या कडेवर टेकला, आणि पाठीमागं एका माणसाची जागा सोडून त्यानं किल्ली फिरवली.