हेव्याचं लाल पाणी

आमच्या शाळेच्या मैदानावर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्यासाठी जमली नव्हती याचा मला राग आला होता. महिन्याभरापूर्वी याच मैदानावर मी विज्ञान प्रदर्शन भरवलं. सरपंच फीत कापून, चहा पिऊन गेले. मागे उरलो मी, विज्ञानाचा मास्तर, आणि माझ्या वर्गातली मुलं. आता मात्र ऐन हळद शिजवायच्या दिवसांत अख्खं गाव कढया सोडून लिंबाखाली बसलं होतं. पार डोंगरकडा गावापर्यंतची माणसं आली होती.

मधोमध पांढऱ्या चादरीवर ब्रदर शांतवन. गळ्यात लाकडी क्रूस, पायांत बूट-मोजे, पुढ्यात पांढरंशुभ्र घमेलं आणि शेजारी पाण्याचा निळा जार. हा कुठल्या चर्चचा, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्याची टकळी मात्र अखंड चालू होती. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मी तुमचे धुतो. साबण बाहेरचा मळ काढतो, हे पाणी आतला काढतं. मनात पाप असेल तर रक्त होऊन घमेल्यात उतरेल. हे सगळं तो बसमध्ये कंगवे विकणाऱ्याच्या चालीत म्हणायचा.

रीत अशी, की आधी हापशावर पाय धुऊन यायचं. तो टॉवेलनं पुसायचा, मग जारातलं पाणी घमेल्यात ओतून पाय चोळायचा. किराणा दुकानदाराच्या बायकोचं पाणी नितळ राहिलं. हळद वेचणाऱ्या सोजराबाईचं लालभडक झालं. मग त्यानं एका बाटलीतला ‘आशीर्वाद’ घमेल्यात ओतला, तशी लाली गेली. सोजराबाई रडत पाया पडली आणि शेजारच्या पेटीत हात मोकळा करून उठली.

त्यानंतर आशाबाई दोन्ही सुनांना घेऊन पुढे झाली. धाकटी शीतल, तिच्या मांडीवर हगवणीनं सुकत चाललेलं चार महिन्यांचं लेकरू. थोरली पुनम, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. दिवसभर हळदीच्या खळ्यावर राबणारी. ब्रदरनं लेकराकडे पाहिलं, मग दोघींच्या टाचांकडे पाहिलं. घरातल्याच कुणाचा तरी हेवा या जिवाला खाऊन राहिलाय, म्हणाला. शीतल बाळंतपणापासून घराबाहेर पडली नव्हती. तिचं पाणी स्वच्छ. पुनमचे पाय बुडाले आणि घमेलं कुंकवासारखं झालं. तिच्यासाठी त्यानं बाटली उघडलीच नाही. या बाईची सावली लेकरावर पडू देऊ नका, एवढंच बोलला.

तो लाल रंग माझ्या ओळखीचा होता. दरवर्षी मी सातवीला हळदीच्या कागदावर सोड्याचं पाणी टाकून तोच दाखवतो. मी उठून म्हणालो, की जारात धुण्याचा सोडा आहे, बाकी काही नाही.

आशाबाई माझ्याकडे वळली. “सर, तुमच्या खेळाला कुत्रं आलं न्हाई, अन् यांच्याकडं गाव आलं. म्हून तुमाला जळून राहिलं.”

गाव हसलं. मला खरंच जळत होतं, म्हणून मी खाली बसलो. खरं बोलणाऱ्याच्या पोटात हेवा असला तरी खरं ते खरंच असतं, पण हे शहाणपण मला घरी पोचल्यावर सुचलं.

रात्री कळलं, की पुनमला माहेरी, कनेरगाव नाक्याला धाडायचं ठरलंय, आणि ते कायमचं. तिचा नवरा संतराम आईपुढे बोलला नाही. पुनमनं तर स्वतःच पिशवी भरली होती. मी उपकेंद्रातल्या मिना सिस्टरला फोन केला. गावातल्या प्रत्येक पोराला तिनं सुई टोचलेली आहे. ती स्वतः ख्रिस्ती, दर रविवारी हिंगोलीला उपासनेला जाणारी. सगळं ऐकून ती जेवढी चिडली, तेवढा मीही चिडलो नव्हतो.

सकाळी पुनम पिशवी घेऊन एसटीकडे निघाली होती. मिनानं तिचा हात धरला, मैदानावर ब्रदरभोवती पुन्हा जमलेल्या गावासमोर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मग घरून आणलेल्या स्टीलच्या टोपात हापशाचं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकून तिचे पाय धुतले. भेगांतली हळद चोळून चोळून काढली. पाणी पिवळट झालं, लाल झालं नाही.

“आता ब्रदर, तुमचे पाय,” मिना म्हणाली.

तो नको नको म्हणू लागला. पण आदल्या दिवशी गावभर पाय धुतलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. बूट-मोजे निघाले. पाय मऊ, गोरे, हळदीच्या गावात राहून हळद न लागलेले. मिनानं सगळ्यांना दाखवून तळहातावर चिमूटभर हळद चोळली आणि ब्रदरच्याच जारातल्या पाण्यानं ब्रदरचे पाय धुवायला घेतले. घमेलं लालभडक झालं.

हे पाप सिस्टरच्या हातांचं आहे, असं तो पुटपुटला. तेव्हा मी हळदीचा कागद सरळ जारात बुडवला. कागद लाल. दुसरा हापशाच्या पाण्यात. तो पिवळाच राहिला. मग लाल कागदावर लिंबू पिळलं, तो पुन्हा पिवळा झाला, आणि बाटलीतला ‘आशीर्वाद’ काय होता तेही लोकांना कळलं.

सोजराबाई कपाळावर हात मारून म्हणाली, “आवं, हळदीच्या लुगड्याला साबन लावला की असंच लाल होतंय. जलम गेला माझा हळदीत, अन् मला दिसलं न्हाई.”

दिसणार कसं? हळदीच्या दिवसांत आमच्याकडे पायाला हळद लागली असं कुणी म्हणत नाही. ती असतेच. राबणाऱ्या बाईचे पाय हळदीचे आणि घरात बसलेलीचे स्वच्छ, एवढंच त्यानं हेरलं होतं. ब्रदर बूट हातात घेऊन मोटारसायकलकडे पळाला. पोलिसांना मी आधीच कळवलं होतं. ते त्याला फाट्यावर भेटले.

मिना पदराला हात पुसत म्हणाली, “प्रभूनं पाय धुतले तेव्हा पाण्याचा रंग कुणी पाहिला नाही. गुरू चेल्यापुढं वाकला, ते पाहायचं असतं. बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा साधंच असतं. ती मनाची खूण आहे बाई, मनाची तपासणी नाही.”

पुनम मात्र उठली नाही. खाली बघत म्हणाली, “सिस्टर, पाणी खोटं असंल. पण मला हेवा वाटतो हे खरं हाय. लेकरू शीतलच्या मांडीवर दिसलं की मी तोंड फिरवते. मीच नजर लावली असंल.”

मग शीतल लेकराला घेऊन सासूजवळून पुढे आली. “अक्का, मलाबी तुमचा हेवा वाटतो. तुमी खळ्यावर जाता, चार बायांत हसता, सोताच्या कमाईची साडी घेता. मी चार भिंतीत. माझं पाणी तर साफ निघालं की.”

पुनमनं मान वर करून जावेकडे पाहिलं, आणि दोघीही रडू लागल्या. आशाबाईनं पुनमची पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागली.

मिना लेकराजवळ गेली. पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि दूध कशातून पाजता म्हणून विचारलं. शीतलनं दुधाची बाटली दिली. बुचाच्या कडेला जुनं आंबूस दूध चिकटलं होतं. बाटली कधी उकळली होती, ते कुणालाच आठवेना. दूध कमी पडतंय म्हणून दुकानदारीणबाईनं सुचवलेली ती बाटली महिनाभर नुसती खळबळून वापरली जात होती. लेकराला साखर-मिठाचं पाणी पाजत आम्ही जीपनं हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर ते पुनमच्या मांडीवर होतं.

ते वाचलं, म्हणून मी हे लिहितो आहे. उद्या तुमच्या गावात असाच कुणी येईल. क्रूस घालून येईल, माळ घालून येईल, नाहीतर माझ्यासारखा चष्मा लावूनही येईल. त्याला एकच विचारा, की जारात काय आहे. आणि हेव्याला भिऊ नका. तो मला वाटतो, तुम्हाला वाटतो, आणि त्यानं आजवर एकही लेकरू मेलेलं नाही. लेकरं मरतात ती न धुतलेल्या बाटलीनं. धुवायचंच असेल, तर आधी ती धुवा.