गुरुवारची सायकल

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. चारुलता, म्हणजे माझी बायको, याला रोग म्हणते. मी म्हणतो, रोग नाही, याच गोष्टीचा मला पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. समोर आलेला प्रत्येक पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तो चांगला निघालाच तर नाइलाजाने पुढे सोडायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवाल्याच्या काट्याकडेही त्याच नजरेने बघायला लागतो.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. चाकण-भोसरीकडे बऱ्याच कंपन्यांचं असंच आहे. त्यामुळे रविवारी सगळं जग घरी आणि मी लाइनवर. गुरुवारी मी मोशीच्या फ्लॅटमध्ये लोळत पडलेला असतो, तेव्हा चारुलता निगडीच्या शाळेत शिकवत असते आणि आमची सुखदा पहिलीच्या वर्गात बसलेली असते. सुखदा पहिलं पाऊल टाकून मोकळी झाली ती रविवारी. तिची गॅदरिंगं रविवारी, पोहायला शिकली तीही रविवारी. मला प्रत्येक वेळी मोबाइलवर व्हिडिओ आला आणि तो मी कँटीनमध्ये ताटावर मोबाइल टेकवून पाहिला.

म्हणून सायकल घरात आली त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं, की बाजूची छोटी चाकं काढून हिला सायकल शिकवणार तो मी. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी मागून सीट धरून पळेन, एका क्षणी सोडून देईन आणि ती एकटी पुढे जाईल. एवढं एक तरी मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये उतरायचो. सुखदा त्या चार चाकांवर खडखडत जायची आणि मी नुसतं चाकं काढायचं नाव काढलं, की "नको ना बाबा, भीती वाटते," म्हणून हँडल घट्ट धरून बसायची. मी म्हटलं, असू दे, घाई कसली आहे.

मग एका गुरुवारी मला तिच्या गुडघ्यावर खपली दिसली, सुकत आलेली.

"हे कुठे फोडलंस?"

"शाळेत," ती म्हणाली. उत्तर जरा जास्तच पटकन आलं. शिवाय त्या दिवशी कोपऱ्यावर वळताना ती अंग आतल्या बाजूला झुकवून वळली. चार चाकांवर असं कोणी वळत नाही. मी खाली बसून बाजूच्या चाकांचे नट पाहिले. कडांवर पाना बसल्याच्या ताज्या खुणा होत्या, आणि मी तर पाना लावलेला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कंपनीत नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर एक पांढरी रेघ मारतात. नंतर कोणी तो नट सैल केला तर रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. दुसऱ्या दिवशी मी मार्कर घरी आणला आणि सगळे झोपल्यावर दोन्ही नटांवर रेघा मारल्या. पुढच्या गुरुवारी पाहिलं, तर दोन्ही तुटलेल्या. त्यातली एक तर कोणीतरी जुळवायचा प्रयत्न केलेला, पण केसभर चुकली होती. माझं डोकं फिरलं.

आमच्या सोसायटीत पान्यांची पेटी एकाच घरात आहे, तळमजल्यावर जयसिंगकाकांकडे. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हातावर गोळ्या ठेवतात. लोकांना ते प्रेमळ वाटतात. मला मात्र लहान पोरांना फुकट गोळ्या वाटणाऱ्या माणसाबद्दल आधी प्रश्न पडतो. मी तसाच त्यांच्या दारात गेलो. काका स्कूटरचा प्लग पुसत बसले होते.

"काका, माझ्या मुलीच्या सायकलला पाना कोणी लावला?"

"मी न्हाई लावला."

"पेटी तर तुमच्याचकडे आहे ना?"

"पेटी हाय म्हणून मी चोर व्हय?" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "दर रविवारी पाना तुमच्या घरी जातो आन् परत येतो. कोण नेतं ते घरात इचारा. माझ्या दारात आवाज चढवायचं काम न्हाई."

तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. पण तोवर माझा संशय जिना चढून आमच्या घरात शिरला होता.

घरात विचारलं नाही. विचारल्यावर लोक उत्तरं तयार करतात, हा माझा अनुभव आहे. रविवारी पहाटे नेहमीसारखा डबा घेऊन निघालो, कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि पुढच्याच स्टॉपवर उतरून मागे फिरलो. सुपरवायझरला पोट बिघडल्याचं कळवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगेमागे, पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ दबा धरून बसलो. वॉचमन दोनदा डोकावून गेला. "साहेब, काही हरवलंय का?" त्याने विचारलं. त्याची नजर मला आवडली नाही.

उन्हं वर आल्यावर दोघी उतरल्या. चारुलताच्या हातात पाना होता. तिने सराईतपणे चाकं काढून बाजूला ठेवली आणि सुखदा सायकलवर बसली. कोणी सीट धरली नाही. ती गेली. इमारतीला वळसा घालून आली, पुन्हा गेली, एक हात सोडून केस मागे सारत पुन्हा आली. हसत होती. इतकी सुंदर सायकल चालवत होती माझी पोर, आणि मी गाड्यांमागे चोरासारखा बसून होतो. याही वेळी सगळं रविवारीच उरकलं होतं. वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

चाकं परत लावताना सुखदा खाली वाकून बघत होती. "आई, बाबाची रेघ जुळत नाहीये."

"थांब ग, जुळवते."

मी पुढे आलो नाही. दिवसभर भोसरीत नुसता भटकलो आणि रोजच्या वेळेला घरी गेलो. सोमवार, मंगळवार, बुधवार वाट पाहिली, दोघींपैकी एक तरी बोलेल म्हणून. कोणी काही बोललं नाही. दोघी मला पोळ्या वाढत होत्या, गप्पा मारत होत्या. माझी कीव करताहेत, असं मला वाटत होतं. बिचाऱ्याला शिकवायची हौस आहे ना, मग शिकवू दे. असली कीव मला नको होती.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वतःच, कंपनीतून आणलेला पाना घेऊन खाली गेलो. चारुलताही शाळेतून येऊन खांबाला टेकून उभी होती.

"आज चाकं काढणार," मी म्हणालो.

दोघींची नजरानजर झाली. मी चाकं काढली, सीट धरली, पळालो आणि सोडली. म्हटलं, बघू आता काय करता.

सुखदा सरळ गेली, अगदी सरळ. मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम हँडल फिरवून फुटपाथच्या कडेवर सायकल घातली. पडताना तिने आधी हात टेकला, नाटकातल्यासारखा. पण कोपर खरंच सोललं आणि खरंच रक्त आलं.

"बघ," ती रडत म्हणाली, "मला येतच नाही."

आयुष्यभर खराब पार्ट बाजूला काढले मी. चांगला पार्ट स्वतःहून रिजेक्ट व्हायला धडपडतोय, असं कधी पाहिलं नव्हतं. सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"सुखदा, रविवारी मी पाहिलं तुला. मस्त येते तुला."

तिचं रडणं थांबलं. "आई, तू सांगितलंस?"

"मी नाही ग," चारुलता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी म्हणत होते सांगू या म्हणून. तिनेच शपथ घातली मला."

"मला वाईट वाटू नये म्हणून ना?" मी सुखदाला विचारलं. "मला शिकवायचं होतं म्हणून?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने नाक पुसलं. "नाही. मला सायकल आली की तू गुरुवारी खाली येणार नाहीस. झोपून राहशील."

मी रेघा मारल्या, काकांना बोललो, कंपनीत खोटं सांगितलं, आणि हे एवढंसं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"येईन की," मी म्हणालो. "दर गुरुवारी येईन."

"ओव्हरटाइमचा फोन आला तरी?"

"तरी."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बराच वेळ. मग वळून विचारलं, "आई, तू ऐकलंस ना, बाबा काय म्हणाला ते?"

माझ्या एकट्याच्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता, आणि असावा असं मी आजवर काही केलंही नव्हतं.